आधी खुबे, शेवटी हात

अमेरिकी गोल्फपटू बेन होगनचं 'फाइव्ह लेसन्स' हे गोल्फवरचं पुस्तक नावाप्रमाणे पाच धड्यांचं आहे. त्यातला चौथा धडा हा माणसाच्या शरीराच्या हालचालीविषयी मी वाचलेल्या सर्वांत सुंदर लेखनांपैकी एक आहे. हा लेख मुख्यतः त्या चौथ्या धड्याविषयी आहे. बाकीचे चार वाईट आहेत असं नाही, पण ते चौथ्यासाठी लिहिलेले आहेत आणि चौथा समजला की त्यांचा अर्थ बदलतो.

हे पाच धडे मार्च १९५७ पासून 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकी साप्ताहिकात क्रमाने छापून आले आणि त्याच वर्षी त्यांचं पुस्तक झालं. अनुभव होगनचा, शब्दांची जुळणी हर्बर्ट वॉरन विंड या गोल्फलेखकाची आणि चित्रं अँथनी राविएलीची. पुस्तकाचं श्रेय तिघांत वाटलं पाहिजे, आणि राविएलीला त्यातला मोठा वाटा दिला पाहिजे. काळा थर दिलेल्या पुठ्ठ्यावर टोकदार हत्याराने ओरखडे काढत पांढऱ्या रेषा उमटवायच्या, ही त्याची पद्धत. मानवी शरीराच्या रचनेवर त्याने आधी एक सचित्र पुस्तक केलेलं होतं, आणि ते इथे जाणवतं. होगनच्या दंडाचा ताण, पोटरीचा पीळ, मनगटाचं वर आलेलं हाड या गोष्टी फोटोत कपड्यांत आणि सावलीत हरवतात. राविएली त्या वेचून पुढे ठेवतो. कुठल्या स्नायूत आत्ता काम चाललं आहे आणि कुठला सैल आहे, हे त्याच्या रेषांच्या घट्टपणावरून ओळखता येतं.

हे पुस्तक नवी मुंबईत बसून वाचण्याला एक कारण आहे. सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कच्या शेजारी गोल्फचं मैदान केलं आणि मुंबईच्या जुन्या क्लबांच्या फाटकाबाहेर राहिलेल्या पुष्कळ लोकांना हा खेळ पहिल्यांदा हाताशी आला. मुंबई परिसरात गोल्फ जुनं आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा, विलिंग्डन क्लब त्याही आधीचा. पण त्या क्लबांत खेळ घराण्यातून आणि सदस्यत्वातून येतो. खारघरला येणारे बरेच जण तिशी-चाळिशीत पहिल्यांदा हातात काठी धरणारे. लहानपणी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळलेले, आता ऐरोली, महापे, बेलापूरच्या कार्यालयांत दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत काढणारे. अशा माणसाचा स्विंग, म्हणजे काठी फिरवून चेंडू मारण्याची हालचाल, सुधारायचा म्हणजे नेमकं काय सुधारायचं, या प्रश्नाचं उत्तर मला होगनइतकं नीट कुणी दिलेलं नाही.

सरावाच्या जागी थोडा वेळ उभं राहिलं तरी एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू सरळ निघाल्यासारखा वाटतो आणि मग हवेत वळून उजवीकडे, झाडीत जातो. याला स्लाइस म्हणतात. बघणारे सल्ला देतात: डोकं हलवू नको, डावा हात सरळ ठेव, नजर चेंडूवर. तिन्ही सल्ले तसे बरे, पण रोगाचं मूळ त्यात नाही. काठी मागे जाऊन वर पोचली की खेळणाऱ्याच्या मनात एकच विचार असतो, आता हाणायचं. हाणायचं म्हटलं की हात आणि उजवा खांदा आधी सुटतात. खांदा पुढे फेकला गेला की काठी बाहेरून आत, चेंडूला तिरकी कापत येते. काठीचं तोंड त्या वाटेच्या मानाने उघडं राहतं, चेंडूला उजवीकडची फिरकी लागते. हे घडतं तेव्हा कमरेखालचं शरीर अजून जागच्या जागीच असतं. ते नंतर कसंबसं मागून येतं किंवा येतच नाही.

होगन या क्षणावर बोट ठेवतो. त्याचं म्हणणं असं: काठी मागे जाताना आधी हात हलतात, मग बाहू, मग खांदे, आणि त्या वळणाने ओढले जाऊन शेवटी खुबे वळतात. खाली येताना हा क्रम उलटा होतो. आधी खुबे, मग खांदे, मग बाहू, शेवटी हात. संपूर्ण धड्याचा गाभा एवढाच आहे. पण तो कसा सांगितला आहे ते पाहण्यासारखं आहे.

कारण तो एकदम सांगितलेला नाही. पहिला धडा पकडीवर आहे. डाव्या हातात काठी तर्जनीच्या पेरावरून तळव्याच्या गादीखाली कशी जावी, उजव्या हाताची पकड तळव्यात न राहता बोटांत कशी असावी, उजवा अंगठा आणि तर्जनी या चिमट्याला जोर का करू द्यायचा नाही. दुसरा धडा उभं राहण्यावर. उजवं पाऊल चेंडूच्या रेषेला काटकोनात, डावं थोडं बाहेर उघडलेलं, गुडघे नरम, दोन्ही कोपरं खुब्यांकडे पाहणारी आणि बाहू छातीला जवळ. पावलांच्या या मांडणीमागे हिशोब आहे: उजवं पाऊल सरळ असलं की मागे जाताना खुबे हवे तेवढेच वळतात, डावं उघडं असलं की पुढे येताना त्यांना जायला जागा मिळते. एवढा तपशील वाचताना नवशिक्या कंटाळतो हे मी पाहिलं आहे. चेंडू मारायला आलेल्या माणसाला पावलाचा कोन कोण सांगणार! पण होगनची शिस्त इथेच आहे. चौथ्या धड्यात खुबे मोकळे सुटायला हवे असतील, तर त्यांची वाट दुसऱ्या धड्यातच आखून ठेवायला हवी, हे त्याला माहीत आहे.

तिसऱ्या धड्यात काच येते. गोल्फच्या साऱ्या साहित्यात याहून प्रसिद्ध चित्र नसेल. खेळाडूच्या खांद्यांवर एक मोठी काच टेकलेली आहे, ती खाली उतरत चेंडूपर्यंत गेली आहे आणि काचेच्या भोकातून त्याचं डोकं वर आलं आहे. काठी मागे नेताना बाहू या काचेखालीच राहिले पाहिजेत. वर उचलले तर काच फुटेल. राविएलीने ती फुटतानाही दाखवली आहे. हे चित्र पाहिलेला माणूस ते विसरू शकत नाही, हीच त्याची ताकद. स्विंग एका तिरप्या पातळीत चालतो हे वाक्य डोक्यात राहतं. काच खांद्यांना जाणवते. शरीराला शिकवायचं असेल तर शरीराला कळेल असं काही द्यावं लागतं, आणि होगन-राविएली जोडी प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी ते देते.

मग चौथ्या धड्यात खाली येण्याची काच मागे जाण्याच्या काचेहून वेगळी निघते. ती थोडी अधिक आडवी झालेली असते आणि तिचं तोंड लक्ष्याच्या किंचित उजवीकडे वळलेलं असतं. हा पुस्तकातला सर्वांत बारीक आणि सर्वांत सुंदर तपशील आहे असं मला वाटतं. पातळी बदलते कशाने? हातांनी काठी खाली दाबल्याने अजिबात नाही. खुबे आधी डावीकडे सरकत वळले की उजवा खांदा आपोआप खाली येतो, उजवं कोपर उजव्या खुब्याच्या पुढ्यात येऊन बसतं, आणि काठी आतल्या वाटेने चेंडूवर येते. स्लाइस करणारा आयुष्यभर हातांनी ज्या वाटेचा शोध घेतो ती वाट खुबे त्याला फुकट देतात.

खुब्यांचं हे निघणं समजावण्यासाठी होगन रबराच्या पट्टीची कल्पना करायला सांगतो. पट्टीचं एक टोक डाव्या बाजूच्या भिंतीत, दुसरं डाव्या खुब्याला. मागे वळताना पट्टी ताणली जाते. वर पोचल्यावर खेळाडूने काही करायचंच नाही, पट्टीनेच खुब्याला परत ओढायचं. इथे लेखकाची समज दिसते. 'खुबे जोरात फिरवा' असं म्हटलं असतं तर वाचकाने जोर लावला असता आणि सगळं अंग एकदम फिरवलं असतं, म्हणजे पुन्हा खांदे सुटलेच. ओढलं जाणं ही कल्पना जोर काढून घेते. कमरेखालचं शरीर निघून गेलं आहे, खांदे अजून मागेच आहेत, मधल्या धडात पीळ वाढतो आहे. त्या पिळाची भरपाई करण्यासाठी खांदे येतात, त्यांच्या मागून बाहू, बाहूंच्या मागून काठी. गावाकडे मचाणावरून पाखरं हाकणारा गोफण फिरवतो तेव्हाही धड आधी वळतं, हात नंतर येतो, दोरी त्याच्याही मागे राहते आणि दगड सर्वांत शेवटी, सर्वांत वेगाने सुटतो.

पण होगन हातांना बाद करत नाही, हेही नीट वाचायला हवं. खुब्यांनी वाट करून दिल्यावर हातांनी हवं तेवढं जोरात मारावं, असंच तो सांगतो. एका ठिकाणी तर तो एकाऐवजी तीन उजव्या हातांची इच्छा करतो. बास्केटबॉलचा दोन हातांचा पास राविएलीने काढला आहे, तो याच संदर्भात: वळलेल्या धडातून दोन्ही हात एकत्र, लक्ष्याकडे सुटणारे. आणि चेंडूला काठी लागते त्या क्षणी डाव्या मनगटाचं हाड लक्ष्याच्या दिशेने उचललेलं. अनेक वाचक 'हात शांत ठेवा' एवढाच अर्थ काढून पुस्तक मिटतात. होगनचा आग्रह हातांच्या पाळीचा आहे. पाळी आली की त्यांना पूर्ण मुभा.

आता या धड्यामागचा माणूस पाहू. होगनचा जन्म १९१२ चा, टेक्सासमधला. वडील लोहार, मुलगा नऊ वर्षांचा असताना त्यांनी आत्महत्या केली. अकराव्या वर्षी तो फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबवर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा मदतनीस, झाला. सतराव्या वर्षी व्यावसायिक झाला आणि स्वतःच्या एकट्याच्या नावावर पहिली मोठी व्यावसायिक स्पर्धा जिंकायला १९४० साल उजाडलं. त्या साऱ्या वर्षांत त्याला छळत होता तो हुक, म्हणजे चेंडू डावीकडे वळून बुडणं. सरावाने त्याने तो घालवला. मग २ फेब्रुवारी १९४९ ला धुक्यात त्याची गाडी समोरून आलेल्या ग्रेहाउंड बसवर आदळली. शेजारी पत्नी व्हॅलरी होती. तिला वाचवण्यासाठी तो तिच्या अंगावर झेपावला. ओटीपोटाची हाडं मोडली, गळपट्टीचं हाड, घोटा, बरगडी मोडली. रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या तेव्हा डॉक्टरांनी पायांकडून रक्त परत आणणारी पोटातली मोठी शीर बांधून टाकली. त्यानंतर पाय सुजणं आणि दुखणं कायमचं झालं.

सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, मेरियन इथल्या यूएस ओपनमध्ये पट्ट्या बांधलेल्या पायांनी तो एका दिवसात ३६ होल चालला, बरोबरी झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा १८ होल चालला आणि जिंकला. त्याच्या नऊ मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांच्या, विजेतेपदांपैकी सहा अपघातानंतरची आहेत. १९५३ मध्ये मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन त्याने एकाच वर्षात जिंकल्या. हे सगळं माहीत असताना चौथा धडा पुन्हा वाचावा. ज्याचं ओटीपोट मोडलं होतं, ज्याला पायांवर उभं राहण्यासाठी रोज वेगळी तयारी करावी लागत होती, तो माणूस आठ वर्षांनी लिहितो की सारं बळ खालून येतं आणि सुरुवात खुब्यांनीच होते. मला या धड्यातला अधिकार इथून आलेला वाटतो. त्याच्या जागी दुसरा कुणी हातांवर भागवून घेण्याची युक्ती शोधत बसला असता.

पुस्तकाशी माझा एक ठाम मतभेद आहे, आणि तो पहिल्या धड्याशी आहे. होगन पकडीबद्दल असं लिहितो की जणू तिच्यावाचून खेळ होणारच नाही. त्याची पकड हुक टाळण्यासाठी घडवलेली होती. डावा हात काठीवर जरा कमी वळलेला, त्यामुळे काठीचं तोंड बंद व्हायला वेळ लागतो. खारघरच्या नवशिक्याचा त्रास नेमका उलटा, त्याचं तोंड आधीच उघडं राहतं. त्याने ही पकड जशीच्या तशी घेतली तर स्लाइस वाढेल. डावा हात थोडा उजवीकडे, दोन-तीन पेरं दिसतील इतका वळवून त्याने धरावं आणि होगनचं बाकी सगळं घ्यावं.

पकड इतकी अटळ नाही याचा पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या एका भारतीय वंशाच्या माणसाने दिलेला आहे. डर्बनचा शिवशंकर 'पापवा' शेवगोलम हा कॅडी म्हणून वाढला. शाळा नाही, शिक्षक नाही. त्याने काठी उलटी धरली. उजव्या हाताने खेळणारा गोल्फर उजवा हात खाली ठेवतो, याचा डावा हात खाली. सगळ्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे ही पकड चुकीची. त्या पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये नाताल ओपन जिंकली तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्याला क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता, आणि त्याने चषक बाहेर पावसात उभं राहून घेतला. १९६५ मध्ये गॅरी प्लेअरसारखा नामांकित गोल्फर मैदानात असताना त्याने ती स्पर्धा पुन्हा जिंकली. आपल्याकडे जीव मिल्खा सिंगच्या स्विंगचा शेवटही कुठल्या पुस्तकात बसणारा नाही, तरी तो युरोपियन टूरवर चार स्पर्धा जिंकला. हात कसे धरावेत याची अनेक उत्तरं मैदानावर टिकलेली आहेत. शरीराने कोणत्या क्रमाने निघावं, याचं मात्र एकच उत्तर टिकलेलं दिसतं.

ते आता मोजूनही पाहता येतं. शरीरावर संवेदक लावून स्विंगची त्रिमितीय मापं घेतली जातात, तेव्हा कसलेल्या खेळाडूंत सर्वाधिक वेग आधी ओटीपोट गाठतं, मग छातीचा पिंजरा, मग बाहू, शेवटी काठी. प्रत्येक भाग आपला वेग गाठून मंदावतो आणि ती गती पुढच्याला मिळते. होगनने अंगाच्या जाणिवेने लिहिलेली यादी हीच. मोजमापाने एक भर घातली: काठी अजून वर पोचत असतानाच ओटीपोट परतीला लागलेलं असतं. खाली येण्याला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि काठी-चेंडूची भेट अर्ध्या मिलिसेकंदाची असते. एवढ्या अवधीत मेंदू काही दुरुस्त करू शकत नाही. म्हणून सुरुवात चुकली की शेवट हातांनी सावरण्याचा प्रत्येक प्रयत्न उशिराच ठरतो.

यात आपल्या शरीरांची अडचण आहे, आणि तिच्याबद्दल होगनच्या पुस्तकात फारसं मिळणार नाही. कमरेचे मणके पुढे-मागे वाकायला बनलेले आहेत, गोल वळायला फार थोडे. वळण घडतं ते मांडीच्या हाडाच्या सांध्यात, म्हणजे खुब्यात, आणि छातीच्या मणक्यांत. दिवसभर बसणाऱ्याचे हेच दोन भाग आखडतात. ते वळले नाहीत की वळण कमरेच्या मणक्यांकडून वसूल केलं जातं, आणि मग गोल्फरची नेहमीची कंबरदुखी. त्यामुळे डाव्या पायावर उभं राहून ओटीपोट आत-बाहेर फिरवणं, जमिनीवर बसून मांड्या दोन्ही बाजूंना पाडणं, हात छातीवर बांधून नुसतं धड वळवणं या साध्या गोष्टी आमच्या वयाच्या खेळाडूसाठी नव्या 'ड्रायव्हर' काठीपेक्षा जास्त उपयोगाच्या आहेत. महागडी काठी घेऊन येणारे आणि दोन मिनिटंही अंग न सैलावणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण खेळाची आवड त्यांना खरीच असते आणि पाठ त्यांना तो दोन-चार वर्षांत सोडायला लावते.

क्रिकेटची सवय आणखी एक अडथळा आणते. ड्राइव्ह मारताना फलंदाज पुढचा पाय टाकतो, डोकं त्या पायावर नेतो आणि खांदा चेंडूच्या रेषेत ठेवतो. वेग गोलंदाजाने दिलेला असतो, त्याला दिशा द्यायची असते. गोल्फचा चेंडू हलत नाही, सगळा वेग स्वतःच्या अंगातून काढावा लागतो. क्रिकेट खेळलेला माणूस डोक्यासकट पुढे सरकतो तेव्हा पीळ तयार होण्याआधीच सुटतो. पण त्याच्याकडे एक भांडवलही असतं. मिडविकेटवरून चेंडू उचलून मारताना त्याची कमर आधीच उघडते, ही हालचाल त्याच्या अंगात आहे. होगनची रबराची पट्टी त्याला चटकन कळते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

महाराष्ट्रात गोल्फचे चांगले खेळाडू आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गोल्फमध्ये भारताचे दोघे खेळले: पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी आणि पुण्याचा उदयन माने. पण हा खेळ अंगात कसा भिनवायचा याविषयी मराठीत निवांत, सचित्र असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. त्यामुळे इंग्रजी येणाऱ्या खारघरकरांना माझी विनंती आहे. 'फाइव्ह लेसन्स' मिळवा. आधी चौथा धडा वाचा, मग पहिल्यापासून सुरू करा. पकडीचं पान आपल्या चेंडूच्या वळणाप्रमाणे बदलून घ्या. मैदानावर आलात की पहिली पंधरा मिनिटं चेंडू पिशवीतच राहू द्या, काठी दोन्ही खांद्यांवर आडवी धरा आणि मागे जाऊन परत येताना डावा खुबा खांद्याच्या आधी निघतो आहे का, एवढंच शेजारच्याला बघायला सांगा. आणि वाचताना कुठे अडलात तर तिथल्या एखाद्या जुन्या कॅडीला विचारा. होगनही कॅडीच होता.